सगळी विषं तपासणारी टेस्ट नसते

आजचा विषय तुम्हीच दिलाय. मागच्या भागानंतर जे मेसेज आले त्यात दोन प्रश्न फिरून फिरून येत होते. पहिला असा : "मॅडम, जॉइनिंगच्या आधी कंपनी लघवीची ड्रग टेस्ट करणार आहे. मी गेल्या आठवड्यात खोकल्याचं औषध घेतलंय. लफडं होईल का?" आणि दुसरा : "कुणी काही विषारी घेतलं तर रक्त तपासून कळतंच ना? मग सांगायची काय गरज?"

दुसरा प्रश्न कुणी का विचारत असेल याचा मला अंदाज आहे, आणि त्यावर मी आज बोलणार आहे. ज्यांना हे आत्ता ऐकणं जड जाईल त्यांनी खुशाल इथे थांबावं. १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर आहे. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, रात्री-बेरात्री कधीही. तो आधीच सांगून ठेवते, कारण भागाच्या शेवटी सांगितलेलं कुणी ऐकत नाही.

माझी ओळख नव्या लोकांसाठी : मी फिजिशियन आहे, मराठवाड्यात काम करते, कॅज्युअल्टी आणि आयसीयू मिळून बारा वर्षं झाली.

आमच्याकडे साधारण असं घडतं. रात्री अकराच्या पुढे एक जीप येते. एक पेशंट, बरोबर सात-आठ माणसं. काय झालं विचारलं की एक जण म्हणतो चक्कर आली. दुसरा म्हणतो काही माहीत नाही, आम्ही शेतात होतो. आणि तिसरा, जो पुण्याला नोकरी करतो आणि सुट्टीला आलाय, तो पुढे होऊन म्हणतो, "मॅडम, पैशाकडे बघू नका. सगळ्या विषांची टेस्ट करून टाका."

मी त्याला सांगते, दादा, अशी टेस्ट नसते. त्याला वाटतं हे गावाकडचं हॉस्पिटल, म्हणून नसेल, पुण्या-मुंबईला असेल. पुण्या-मुंबईलाही नाही. जगात कुठेही नाही.

का नाही ते समजून घेऊ, कारण ते समजलं की तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.

गणपतीच्या गर्दीत एक पोलीस उभा आहे आणि त्याच्या खिशात दहा पाकीटमारांचे फोटो आहेत. त्या दहांपैकी कुणी आला तर तो धरेल. अकरावा पाकीटमार आला, ज्याचा फोटोच नाही, तर तो त्याच्या समोरून रामराम करत निघून जाईल. आणि एखादा बिचारा साधा माणूस, ज्याचं नाक-डोळे फोटोतल्यासारखे आहेत, तो उगाच पकडला जाईल. लघवीची ड्रग टेस्ट अगदी अशीच चालते. त्या प्लॅस्टिकच्या कार्डावर अँटिबॉडी असतात, प्रत्येक पट्टीवर एकेका गटासाठी. गांजा, अफूच्या जातीचे पदार्थ, कोकेन, ॲम्फेटामाइन, झोपेच्या गोळ्यांतला बेन्झोडायझेपाइन गट, असे पाच, सात, फार तर दहा-बारा गट. यादी संपली. त्यापलीकडे कार्ड आंधळं.

जाता जाता एक गंमत. या कार्डावर रेघ उमटली तर निगेटिव्ह आणि रेघ गायब झाली तर पॉझिटिव्ह. प्रेग्नन्सी टेस्टच्या बरोबर उलट. घरी किट मागवून, दोन रेघा बघून घाबरलेल्या एका आईचा मला फोन आला होता. दोन रेघा म्हणजे पोराने काही घेतलेलं नव्हतं.

आता खोकल्याच्या औषधाचं. औषध कोणतं आहे त्यावर आहे. त्यात कोडीन असेल तर शरीर त्यातल्या काही भागाचं मॉर्फीन बनवतं, आणि अफूची पट्टी पॉझिटिव्ह येते. ही टेस्टची चूक नाही, टेस्टने खरंच ते शोधलं. फक्त तुम्ही ते डॉक्टरच्या चिठ्ठीवर घेतलंत की नशेसाठी, हे पट्टीला कळत नाही. औषधात डेक्स्ट्रोमेथॉर्फन असेल तर काही किटवर फेन्सायक्लिडीन नावाच्या नशेच्या पदार्थाची पट्टी फसते. नाक मोकळं करणाऱ्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन ॲम्फेटामाइनसारखं दिसू शकतं. ॲसिडिटीची जुनी गोळी रॅनिटिडीन, तिनेही काही किट फसल्याची नोंद आहे. हे झाले साधे, फोटोसारखे दिसणारे लोक.

आणि अकरावा पाकीटमार? अफूची पट्टी ट्रॅमाडॉल किंवा फेंटानिल सहसा पकडत नाही, जरी ती त्याच कुळातली औषधं असली तरी. बेन्झोडायझेपाइनच्या पट्टीतून क्लोनाझेपाम आणि लोराझेपाम पुष्कळदा निसटतात. म्हणजे झोपेच्या गोळ्या खाऊन बेशुद्ध पडलेल्या माणसाची लघवी 'निगेटिव्ह' येऊ शकते, आणि सर्दीची गोळी घेऊन इंटरव्ह्यूला गेलेला पोरगा 'पॉझिटिव्ह'.

खसखशीचा किस्सा तुम्ही रीलवर पाहिला असेल. तो खरा आहे. खसखस अफूच्याच बोंडातली, त्यामुळे तिच्यावर मॉर्फीनचा अंश असतो. अमेरिकेत सरकारी ड्रग टेस्टमध्ये अफूसाठीची मर्यादा लघवीच्या मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅम होती. खसखस लावलेले पाव खाणारे लोक अडकायला लागले म्हणून १९९८ मध्ये ती २००० केली. आपल्याकडे अनारशावर चिमूटभर खसखस असते, त्याने काही होत नाही. पण वाटीभर खसखशीची खीर किंवा हलवा खाऊन दुसऱ्या दिवशी टेस्ट द्यायला जाऊ नका. आणि दुबईला कुणाकडे जात असाल तर काकू कितीही म्हणाली तरी मसाल्याच्या पुडीत खसखस नेऊ नका. तिकडे ती बंदी असलेल्या पदार्थांत धरतात, आणि विमानतळावर काकू नसते.

भांगेचंही असंच. आपल्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात 'गांजा' म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसत्या पानांची भांग त्या व्याख्येत येत नाही. पण कार्डाला कायदा कळत नाही, त्याला टीएचसी कळतं. महाशिवरात्रीला घेतलेली थंडाई लघवीत दिसते. एकदाच घेतली असेल तर दोन-तीन दिवस. रोज ओढणाऱ्याच्या चरबीत ते साठतं आणि महिनाभर, कधी त्याहून जास्त काळ लघवीतून येत राहतं. कोकेनची खूण साधारण दोन ते चार दिवस, ॲम्फेटामाइनची दोन-तीन दिवस.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. लघवीची पॉझिटिव्ह टेस्ट एवढंच सांगते की हा पदार्थ, किंवा याच्यासारखा दुसरा, कधीतरी शरीरात होता. किती होता, कधी घेतला, घेतल्यावर माणूस नशेत होता का, यातलं काहीही ती सांगत नाही. दारूचं वेगळं आहे. रक्तातल्या दारूचं प्रमाण मोजता येतं, आणि गाडी चालवताना १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की कायदा लागतो. तिथे आकडा आणि त्या क्षणाची अवस्था यांचा संबंध आहे. गांजाच्या लघवीच्या टेस्टमध्ये तसा नाही.

म्हणून नोकरीवाल्यांना माझा सल्ला छोटा आहे. नमुना देण्याआधी गेल्या पंधरा दिवसांत घेतलेली सगळी औषधं कागदावर लिहून द्या, चिठ्ठी असेल तर तिचा फोटो जोडा. पॉझिटिव्ह आली तर भांडू नका. त्याच नमुन्याची कन्फर्मेटरी टेस्ट मागा, जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस. ही यंत्रं पदार्थाचे तुकडे करून त्याचे वजनाचे ठसे घेतात, नुसतं तोंड बघून पकडत नाहीत. पहिल्या कार्डाच्या जोरावर कुणाची नोकरी काढणं मला चुकीचं वाटतं, आणि हे मी कंपन्यांच्या एचआरवाल्यांनाही सांगत आले आहे. आणि हो, टेस्टच्या आधी बादलीभर पाणी पिण्याचे सल्ले जे इन्स्टावर फिरतात, ते विसरा. पातळ झालेली लघवी क्रिएटिनिनवरून लगेच कळते, आणि मग ज्याने काही घेतलं नव्हतं तोही संशयात येतो.

हा झाला सोपा भाग. आता दुसऱ्या प्रश्नाकडे येते.

आमच्या भागात विषबाधेचा पेशंट म्हणजे बहुतेक वेळा कीटकनाशक. आणि भाषेची एक अडचण पहिल्यांदा सांगते. आपल्याकडे खेड्यात कीटकनाशकाला 'औषध' म्हणतात. कपाशीवर मारायचं औषध, तुरीवरचं औषध. "त्यानं औषध घेतलं" याचा अर्थ गावात एक आणि शहरात दुसरा. मुंबईहून आलेले आमचे इंटर्न पहिल्या आठवड्यात हमखास विचारतात, "कसलं औषध? बीपीचं का?" आणि नातेवाईक खाली बघतात.

हे 'औषध' त्या दहा पट्ट्यांच्या कार्डावर नाही. मग आम्ही काय बघतो? आधी माणूस बघतो. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं काही शरीरात गेलं असेल तर डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. तोंडातून लाळ, अंगाला दरदरून घाम, डोळ्यांतून पाणी, छातीत घरघर, नाडी मंद, आणि कपड्यांना रॉकेलसारखा किंवा लसणासारखा वास. एवढं जमलं की निदान झालं. ॲट्रोपिन त्याच मिनिटाला सुरू होतं, रिपोर्टची वाट न बघता, आणि छातीतली घरघर थांबून नाडी वर येईपर्यंत ते चालू राहतं.

रक्ताची एक टेस्ट आहे, कोलिनएस्टरेज. हे विष नसांच्या टोकाशी काम करणारं एक एन्झाइम बंद पाडतं, त्याची पातळी रक्तात मोजायची. ती खूप खाली गेली तर निदान पक्कं होतं, पुढच्या दिवसांत सुधारणा कळते. पण प्रत्येकाची मूळ पातळी वेगळी असते, लिव्हरच्या आजारातही ती कमी येते, आणि रिपोर्ट यायला वेळ लागतो. तो आधार आहे, निर्णय नाही.

२०१७ चा पावसाळा आठवा. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करता करता विषबाधा होऊन किमान वीस शेतकरी, शेतमजूर गेले. त्यांनी कुणी काही प्यायलेलं नव्हतं. उंच वाढलेल्या कपाशीत पंप पाठीवर घेऊन, अंगावर फवारा घेत ते दिवसभर काम करत होते. अशा माणसाला आधी मळमळ होते, डोकं दुखतं, अंधुक दिसतं, आणि घरचे म्हणतात ऊन लागलं. 'आज फवारणी केली होती' हे वाक्य डॉक्टरला कुणी सांगितलं नाही तर तो उन्हाचं सलाईन लावून घरी जाऊ शकतो. ते एक वाक्य कोलिनएस्टरेजच्या रिपोर्टपेक्षा दोन-तीन तास आधी पोचतं.

यंत्राशिवाय असं निदान आपल्या राज्यात फार मोठ्या माणसांनी केलंय. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं विंचूदंशावरचं काम माहीत असेल. प्राझोसिन नावाची बीपीची गोळी लाल विंचवाच्या विषावर चालते हे त्यांनी पेशंटच्या खाटेजवळ बसून, नाडी-बीपी बघत दाखवलं. साप चावल्यावरची आमची सगळ्यात कामाची टेस्टही काचेच्या एका नळीची आहे. दोन मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ नळीत घ्यायचं, वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग वाकडी करून बघायची. रक्त गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरसं समजून प्रतिविष चालू. नळी साबणाने धुतलेली असेल तर मात्र ही टेस्ट चुकते, म्हणून आमच्या सिस्टर ती नळी कुणाला देत नाहीत.

अशीच एक स्वस्त टेस्ट पॅराक्वाट या तणनाशकाची. लघवीत सोडियम बायकार्बोनेट आणि सोडियम डायथायोनाइट घातलं की ती निळी होते. पाच मिनिटांत उत्तर. आणि ते उत्तर उपचार बदलतं, कारण इतर पेशंटला आपण सहज ऑक्सिजन लावतो, आणि या विषात तो गरज नसताना दिला तर फुप्फुसाचं जास्त नुकसान होतं. पण बघा, ही टेस्ट करायची हे डॉक्टरला सुचणार कधी? कुणीतरी "गवत जाळायचं औषध होतं" एवढं म्हणालं तर.

म्हणजे टेस्ट विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते. प्रश्न मात्र बाहेरून यावा लागतो.

आता तुमच्या वयाच्या लोकांशी सगळ्यात जास्त संबंध असलेलं सांगते, पॅरासिटामॉल. तापाची गोळी, प्रत्येक घराच्या डब्यात असते, म्हणून तिला कुणी विष समजत नाही. बारावीतली एक मुलगी आमच्याकडे आली होती. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगते. दुपारी घरात भांडण झालं, संध्याकाळी दोन उलट्या झाल्या, आईने ओआरएस दिलं. आली तेव्हा बाकावर बसून फोन बघत होती. बीपी ठीक, नाडी ठीक, लिव्हरचे रिपोर्ट नॉर्मल. वडील म्हणाले, "मॅडम, पित्त झालं होतं. आता बरी आहे की. उद्या प्रॅक्टिकल आहे, नेतो आम्ही."

ती गेलीही असती. पण तिच्या नववीतल्या भावाने कचऱ्याच्या डब्यातल्या गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपचा फोटो काढला होता. तो वडिलांना दाखवायची त्याची हिंमत नव्हती, म्हणून त्याने तो आमच्या सिस्टरला दाखवला. स्ट्रिपवर औषधाचं नाव होतं, किती मिलिग्रॅम ते होतं, रिकामी घरं मोजता येत होती. आणि पोराने आणखी एक गोष्ट सांगितली : ताई साडेचारला खोलीत गेली तेव्हा टीव्हीवर अमुक मॅच सुरू झाली होती. म्हणजे वेळ मिळाली.

वेळेचं एवढं काय? पॅरासिटामॉलची रक्तातली पातळी मोजता येते, पण नुसता आकडा निरुपयोगी असतो. १९७५ मध्ये रुमॅक आणि मॅथ्यू या दोघांनी एक आलेख प्रसिद्ध केला, तो आजही वापरतात. आडव्या रेषेवर गोळ्या घेतल्यापासूनचे तास, उभ्या रेषेवर रक्तातली पातळी. चार तासांच्या आधीची पातळी त्यावर वाचताच येत नाही, कारण औषध अजून पोटातून रक्तात उतरत असतं. चार तासांना मिलिलिटरमागे १५० मायक्रोग्रॅमची रेघ, आणि तास वाढतील तशी ती खाली येते. म्हणजे तोच आकडा पाच तासांना रेघेखाली आणि बारा तासांना रेघेवर. वेळ खोटी सांगितली की मशीनचा खरा रिपोर्टही आम्हाला चुकीच्या जागी नेतो.

आणि या गोळीचा खरा धोका असा की पहिल्या दिवशी माणूस बरा दिसतो. लिव्हरवरचा परिणाम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतो. पण उतारा आहे, एन-ॲसिटिलसिस्टीन, आणि पहिल्या आठ तासांत सुरू केला तर तो लिव्हर जवळपास पूर्ण वाचवतो. उशीर झाला तरी देतातच, पण मग तेवढी खात्री राहत नाही. त्या मुलीला तो सातव्या तासाला लागला. लिव्हरचे आकडे थोडे चढले, उतरले. पाचव्या दिवशी घरी गेली. प्रॅक्टिकल नंतर दिलं. समुपदेशन चालू होतं, भावाला घेऊन यायची.

तेव्हा मेसेज करणाऱ्या त्या श्रोत्याला सांगते, रक्त तपासून 'कळतंच' असं नाही. त्या रात्री आमच्याकडचे सगळे नेहमीचे रिपोर्ट नॉर्मल होते. पॅरासिटामॉलची पातळी आम्ही पाठवली ती फोटो पाहून. उंदीर मारायच्या काही पेस्टचंही असंच, मध्ये एक-दोन दिवस पेशंटला काहीच वाटत नाही आणि मग लिव्हर बिघडतं. रक्त पातळ करणारं उंदराचं औषध असेल तर रक्त गोठण्याची टेस्ट पहिल्या दिवशी नॉर्मल असते, एक-दोन दिवसांनी बिघडते. पहिल्या रात्रीचा नॉर्मल रिपोर्ट घेऊन घरी पळायचं नाही, ते यासाठी.

दारूतल्या मिथेनॉलचंही थोडक्यात. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. मिथेनॉल स्वतः एवढं वाईट नाही, शरीर त्याचं फॉर्मिक ॲसिड करतं आणि ते डोळ्यांच्या नसा आणि जीव दोन्ही खातं, आणि याला काही तास लागतात. मिथेनॉल थेट मोजायची सोय पुष्कळ ठिकाणी नसते. मग रक्तातलं आम्ल आणि क्षार मोजून, वजाबाकी करून अंदाज बांधतात. तिथेही "काल सगळ्यांनी एकाच ठिकाणी घेतली, आणि आता धुकं पडल्यासारखं दिसतंय" हे वाक्य कुणीतरी उच्चारावं लागतं.

लोक का सांगत नाहीत? लाज आहेच, पण त्याहून मोठी भीती पोलीस केसची. हे नीट ऐका. हॉस्पिटलला विषबाधेची नोंद एमएलसी म्हणून पोलिसांना कळवावी लागते, ते खरं आहे. पण उपचार पोलिसांसाठी थांबत नाहीत. १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय की आधी जीव, मग कागद. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं की ज्याने जीव द्यायचा प्रयत्न केला तो माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही. जुन्या दंडविधानातलं कलम ३०९, ज्याच्या भीतीने लोक खोटं बोलायचे, ते १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत त्या रूपात ठेवलेलंच नाही. पोलीस जबाब घेतील, कागद होतील. पण पोरीला जेलमध्ये टाकतील म्हणून "पित्त झालं" सांगणं, याची आता गरज नाही.

व्हिसेरा रिपोर्ट म्हणून तुम्ही बातम्यांत ऐकता, तो वेगळा. तो माणूस गेल्यानंतरचा. अवयवांचे तुकडे मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवून न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पाठवतात, रिपोर्ट यायला खूप वेळ जातो, आणि तो कोर्टासाठी असतो. या शास्त्राची सुरुवातही कोर्टातूनच झाली. १८३२ मध्ये इंग्लंडमध्ये एका नातवावर आजोबांना आर्सेनिक घातल्याचा खटला चालला. जेम्स मार्श या रसायनशास्त्रज्ञाने कॉफीत आर्सेनिक शोधलं, पण ज्युरीसमोर नेईपर्यंत नमुना खराब झाला आणि नातू सुटला. त्या रागातून मार्शने चांगली पद्धत शोधली आणि १८३६ मध्ये छापली. छान गोष्ट आहे, पण आजोबांना तिचा काही उपयोग नव्हता. आम्हाला जी माहिती हवी असते ती जिवंत माणसाच्या उपयोगाची.

तर तुमच्यापैकी कुणावर वेळ आली, घरात, होस्टेलवर, रूमवर, तर काय करायचं ते सांगते. १०८ ला फोन करा. बाटली, डबा, स्ट्रिप, जे असेल ते उचला. उचलता येत नसेल तर लेबलचा फोटो काढा, पुढचा आणि मागचा दोन्ही, बारीक अक्षरं वाचता येतील असा. कीटकनाशकाच्या बाटलीवर एक चौकोन असतो, त्यात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग. लाल सगळ्यात विषारी. तिथेच घटकाचं नाव आणि उतारा छापलेला असतो. दुकानदाराने दिलेलं कंपनीचं नाव आम्हाला फारसं उपयोगी नसतं, घटकाचं नाव हवं असतं. लेबल फाटलं असेल तर कृषी सेवा केंद्रवाल्याला फोन लावा, त्याला पाठ असतं. वेळ लक्षात ठेवा, नसेल माहीत तर शेवटचा मेसेज कधी आला, शेवटचं ऑनलाइन कधी होती, ते बघा. फोन या कामाला चांगला आहे. मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोटं घालून उलटी काढू नका, ती फुप्फुसात जाते. औषध अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून साबणाने अंग धुवा, आणि हे करताना तुमच्या हाताला लागू देऊ नका. दिल्लीच्या एम्सचं राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास फोनवर असतं, १८०० ११६ ११७. डॉक्टरही तिथे विचारतात, त्यात कमीपणा नाही.

आणि डॉक्टरशी बोलताना सगळ्यांसमोर बोलवत नसेल तर म्हणा, "मॅडम, दोन मिनिटं बाजूला येता का?" आम्हाला ते वाक्य ओळखीचं आहे. मी हातातलं काम टाकून येते.

शेवटचा एक मेसेज घेते आणि थांबते. एका वडिलांनी लिहिलंय : मुलगा पुण्याला शिकतो, सुट्टीला आला की बदललेला वाटतो, ऑनलाइन किट मागवून त्याच्या नकळत टेस्ट करू का? काका, नकळत करू नका. समजा पॉझिटिव्ह आली. ती खोकल्याच्या औषधाची की आणखी कशाची, हे तुम्हाला शेवटी त्यालाच विचारावं लागेल, आणि तेव्हा तो हेही विचारेल की तुम्ही माझी लघवी चोरून तपासलीत का. समजा निगेटिव्ह आली, तर तो ज्या पदार्थाच्या मागे आहे तो त्या कार्डाच्या यादीत असेलच असं नाही. दोन्ही वेळा तुम्ही जिथे होता तिथेच. त्याच्याबरोबर गाडीवर एक चक्कर मारून या, आणि त्याला झोप कशी लागते तेवढं विचारा. तिथून बोलणं सुरू होतं असा माझा अनुभव आहे. त्यानंतर तो स्वतः म्हणाला टेस्ट करू, तर डॉक्टरकडे जाऊन करा.

पुढच्या भागात सापांवर बोलू, त्या काचेच्या नळीबद्दल जास्त सांगायचं राहिलंय. प्रश्न पाठवत राहा. भेटू.